नाव नसलेली दाढ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी आयुष्यभर पहिलीचा वर्ग सांभाळला. म्हणून त्याच वयातील मुलांच्या मुखात घडणाऱ्या एका गोष्टीविषयी मी बोलणार आहे. मी दंतवैद्य नव्हे, भाषेचा अध्यापक आहे. या विषयाकडे मला नेले तेही एका शब्दानेच.

संस्कृतात पक्ष्याप्रमाणे दातालाही ‘द्विज’ म्हणतात. कारण दोघांचाही जन्म दोनदा होतो. दुधाचे 20 दात पडतात व त्यांच्या जागी नवे येतात. परंतु कायमच्या 32 दातांपैकी 12 दाढा या अर्थाने द्विज नव्हेत. दुधाच्या दाढांच्या मागे, मोकळ्या जागी, त्या एकदाच उगवतात. त्यांतील पहिल्या चार साधारणतः सहाव्या-सातव्या वर्षी येतात. पटाशीचा दात पडला की घरभर कौतुक होते, तो कौलांवर टाकला जातो. ही दाढ येताना मात्र काहीच पडत नाही. त्यामुळे तिचे आगमन कोणाच्या लक्षात येत नाही. आले तरी ती दुधाचीच समजली जाते, आणि किडली तर ‘पडेल, नवी येईल’ म्हणून सोडून दिली जाते. नवी कधीच येत नाही.

वस्तुतः चाव्याची सारी घडण तिच्यावर उभी असते. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्यांनी 1899 मध्ये दातांच्या ठेवणीचे वर्गीकरण केले, ते वरची व खालची पहिली दाढ परस्परांशी कशी जुळते यावरूनच. प्रारंभी या दोन दाढा बहुधा टोकाला टोक लागून बसतात. पुढे दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान दुधाच्या दाढा पडून उपदाढा येतात. त्या रुंदीला कमी असल्याने खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस सुमारे 1.7 मिलिमीटर, तर वरच्या जबड्यात सुमारे 0.9 मिलिमीटर जागा उरते. खालची दाढ त्यामुळे अधिक पुढे सरकते आणि वरच्या दाढेचे पुढचे टोक तिच्या खाचेत नेमके बसते. दुधाची दाढ किडून अकाली गेली, तर हीच दाढ वेळेआधी पुढे कलते, उपदाढेची जागा अडते आणि दात वेडेवाकडे येतात. ‘दुधाचे दात काय, पडायचेच’ हे म्हणणे म्हणूनच महागात पडते.

आता भाषेचा न्याय पाहा. सर्वांत शेवटी येणाऱ्या दाढेला मराठीने ‘अक्कलदाढ’ म्हटले, गुजरातीने ‘डहापणनी दाढ’. सर्वांआधी येऊन चाव्याचा भार वाहणाऱ्या दाढेसाठी लोकभाषेत रूढ झालेले नाव मला आढळले नाही. ज्याला नाव नाही, त्याची विचारपूसही होत नाही. दंतवैद्य तिला ‘सहा वर्षांची दाढ’ म्हणतात. तेच नाव आपण घराघरांत रुजवू या. पहिलीच्या वर्गशिक्षकांनी पालकसभेत एवढे एकच वाक्य सांगावे: ‘मुलाची सहा वर्षांची दाढ आली का ते पाहा, ती पुन्हा येणार नाही.’