अंफवाचे स्मारक-उद्यान आणि सयामचे दासविधान



थायलंडच्या राजधानीपासून नैऋत्येस सुमारे ७० किलोमीटरवर, मेक्लाँग नदीच्या परिसरात अंफवा नावाचे एक लहान गाव आहे. सभोवार माडाच्या बागा, त्यांतून गेलेले पाण्याचे पाट आणि माडाच्या रसापासून गूळ करणारी कुटुंबे. आपल्या कोकणातील माणसास तेथे परकेपणा वाटू नये. या गावी सयामच्या चक्री घराण्यातील दुसरा राजा २४ फेब्रुवारी १७६७ रोजी जन्मला. त्याच्या स्मरणार्थ उभारलेले उद्यान मी अलीकडेच पाहून आलो. तेथे जे पाहिले त्याविषयी, आणि जे दिसले नाही त्याविषयीही, आज आपणांपुढे बोलावयाचे आहे.

या राजास दुसरा राम म्हणतात. नावाने कोणी दचकू नये. चक्री राजांना ‘राम’ असे क्रमांक लावण्याची पद्धत सहाव्या राजाने पुढे पाडली. याच्या हयातीत त्यास या नावाने कोणी ओळखत नव्हते. त्याने १८०९ पासून १८२४ पर्यंत राज्य केले. ज्या वर्षी तो जन्मला, त्याच वर्षी ब्रह्मी सैन्याने अयुध्या ही जुनी राजधानी बेचिराख केली होती. ग्रंथ जळाले, कारागीर बंदिवान होऊन गेले. तेव्हा या राजाच्या काळात काव्य, नाट्य, संगीत व कोरीवकाम यांचा जो बहर आला, तो मोडलेला संसार पुन्हा मांडण्याचाच उद्योग होता. लुप्तप्राय झालेला वैशाखी पौर्णिमेचा उत्सव राजाज्ञेने १८१७ साली पुन्हा सुरू झाला, तोही याच राजवटीत. राजा स्वतः कवी होता, लाकडावर कोरीत असे आणि तीन तारांचे एक वाद्य वाजवीत असे. आज त्याचा जन्मदिन थायलंडमध्ये राष्ट्रीय कलावंत दिन म्हणून पाळला जातो.

त्या वाद्याची गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्याचा भोपळा नारळाच्या करवंटीचा असतो. परंतु कोणतीही करवंटी चालत नाही, पाठीवर तीन उंचवटे असलेली लागते, आणि असा नारळ क्वचित धरतो. ज्याच्या बागेत असा माड असेल त्यास राजाने करमाफी दिली, असे सांगतात. संगीताच्या प्रेमापोटी दिलेली सारामाफी मी तरी दुसरी ऐकलेली नाही!

उद्यान अंफवान चेतियाराम या विहाराला लागून आहे आणि त्याची जमीन विहाराच्या प्रमुख भिक्खूंनी दान दिलेली आहे. आत जुन्या थाई धर्तीची चार लाकडी घरे आहेत. खांबांवर उचललेली, उतरत्या छपरांची. मधल्या दालनात राजाची प्रतिमा व त्या काळच्या कलावस्तू आहेत. पुरुषांच्या दालनात शस्त्रे आहेत आणि पूजेसाठी बुद्धमूर्तीही आहे. स्त्रियांच्या दालनात शय्या, आरसा, भरतकाम. भोवतालच्या बागेत थाई काव्यांत ज्यांचा उल्लेख येतो अशी झाडे मुद्दाम लावली आहेत. काव्यात वाचलेले फूल मुलाला बागेत दाखविता यावे, ही कल्पना मला फारच आवडली.

अखेरीस स्वयंपाकघर आहे. मध्यम स्थितीतील कुटुंबाचे म्हणून ते मांडलेले आहे. थाई भाषेत नारळ खवण्याच्या खवणीला ‘ससा’ म्हणतात, हे तेथे आठवले आणि हसू आले. परंतु थोडा वेळ थांबल्यावर माझ्यातील वकील जागा झाला. हे पाणी कोण वाहून आणीत असे? हा भात कोण कांडीत असे? राजाचे, पुरुषांचे, स्त्रियांचे दालन आहे. राबणाऱ्याचे दालन कोठे आहे?

त्या काळच्या कायद्यात त्याचे स्थान मात्र नोंदलेले आहे. पहिल्या रामाने १८०५ साली जुने कायदे तपासून त्यांची संहिता तयार केली. तीवर तीन मुद्रा उमटविल्या म्हणून तिला तीन मुद्रांचा कायदा म्हणतात. या व्यवस्थेत प्रत्येक माणसाला एक अंक होता. त्यास ‘सक्दिना’ म्हणत. यातील ‘सक्दि’ म्हणजे आपला ‘शक्ति’ आणि ‘ना’ म्हणजे भातशेत. उपराजाचा अंक १,००,०००, अधिकाऱ्याचा ४०० व त्यापुढे, साध्या रयतेचा १० ते २५, आणि दासाचा ५. दासाला थाई भाषेत जो शब्द आहे तो आपला ‘दास’च होय; उच्चार तेवढा फिरला. साधी रयत दास नसली तरी तिला सरकारी वेठ होती. या दुसऱ्या रामाने वेठीची मुदत वर्षास चार महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

आता याहून महत्त्वाची गोष्ट. त्या संहितेत दासांचे सात प्रकार सांगितले आहेत. विकत घेतलेला, घरात जन्मलेला, वारशाने आलेला, दान मिळालेला, दंडातून सोडविलेला, दुष्काळात अन्न घालून पोसलेला आणि युद्धात पकडलेला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दासांचे सातच प्रकार आहेत, आणि ते जवळजवळ हेच आहेत! हा योगायोग नव्हे. आपल्याकडील धर्मशास्त्र मोन लोकांच्या मार्फत सयामला पोचले. तेथील ‘थम्मसात’ ग्रंथ आपली उत्पत्ती मनोसार नावाच्या ऋषीपासून सांगतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जो ग्रंथ जाळण्यात आला, त्याची एक शाखा काषाय वस्त्राच्या सावलीत शतकानुशतके नांदत होती. विहार होते, भिक्खू होते, वैशाखीला दीप लागत होते. आणि त्याच घरात माणसाची किंमत पाच लिहिलेली होती. तेथे आपल्यासारखी जातिव्यवस्था नव्हती, हा मोठाच फरक होय. तरीही केवळ देश बौद्ध आहे एवढ्यावरून त्याचा कायदा समतेचा होता, असे आपण समजू नये.

तो बदलावा लागला, आणि कायद्यानेच बदलला. पाचव्या रामाने १८७४ साली असा नियम केला की, १८६८ पासून पुढे जन्मलेल्या दासीपुत्राची किंमत वयाबरोबर घटत जावी आणि एकविसाव्या वर्षी तो मुक्त व्हावा. १९०५ च्या कायद्याने जन्मजात दास्य संपविले आणि उरलेल्या ऋणदासांच्या कर्जातून दरमहा चार बात वजा करण्याची तजवीज केली. एकतीस वर्षे लागली. इतका विलंब मला समर्थनीय वाटत नाही, कारण एकविसाव्या वर्षाची वाट पाहणाऱ्या मुलाचे बालपण कोणी परत दिले नाही. परंतु कायद्याची रचना कुशल होती, हे कायद्याचा अभ्यासक म्हणून मान्य करतो.

दुसऱ्या रामाने रंगभूमीसाठी लिहिलेल्या ‘सांग थोंग’ या नाटकाची कथा आपल्या भगिनींना आवडेल. ती जातककथेच्या धर्तीच्या एका संग्रहातून आली आहे. शंखात जन्मलेला सुवर्णकांतीचा राजपुत्र काळ्या वनवासी माणसाचा मुखवटा घालून हिंडतो. सर्व त्याची हेटाळणी करतात. धाकटी राजकन्या रोचना मात्र त्यालाच माळ घालते, आणि बाप दोघांना शेतातील झोपडीत हाकलतो. रोचनेचे धैर्य थोर खरे. पण तिला मुखवट्याआड सोने दिसले होते. आत सोने नसते, साधा काळा वनवासी माणूसच असता, तर? हा प्रश्न राजकवीने विचारला नाही. आपल्या मुलींनी ही कथा वाचावी, आणि हा प्रश्न विचारूनच वाचावी.

आपल्यापैकी काही कुटुंबे यात्रेसाठी थायलंडला जातात. त्यांनी बँकॉकच्या सुवर्णमूर्तींबरोबर एक दिवस अंफवासाठी ठेवावा. फेब्रुवारीत राजाच्या जन्मदिनाच्या सुमारास उद्यानात जत्रा भरते, नाट्यप्रयोग होतात. तो काळ उत्तम. मुलांना बाग दाखवावी, तीन उंचवट्यांच्या करवंटीची गोष्ट सांगावी. स्वयंपाकघर मात्र घाईने पाहू नये.