चिलिकेच्या काठी



ओडिशातील चिलिका सरोवर पाहून आलो, त्याची हकीगत आपणांस सांगावयाची आहे. सातपाड्याहून नावेने पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर उतरलो. समोर बंगालच्या उपसागराची गाज आणि पाठ फिरविली की संथ, उथळ पाणी! पावसाळ्यात हे सरोवर सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर पसरते. हिवाळ्यात सैबेरिया, मंगोलियाकडून लाखो पाखरे येथे उतरतात.

हे सरोवर पूर्ण समुद्राचे नाही, पूर्ण नद्यांचेही नाही. दोघांचा समेट टिकेल तोवरच ते टिकते. १९८१ साली रामसर करारान्वये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले. पण नद्यांचा गाळ साचत गेला, वाळूने समुद्राचे मुख कोंडले, पाण्याचा खारेपणा उतरला, पाणवेली माजल्या, मासळी घटली. १९९३ मध्ये चिलिकेचे नाव धोक्यातील पाणथळींच्या यादीत गेले. सप्टेंबर २००० मध्ये वाळूचा पट्टा कापून नवे मुख उघडण्यात आले. खारे पाणी पुन्हा आत आले, मासळी परतली आणि २००२ मध्ये नाव त्या यादीतून निघाले. संरक्षण म्हणजे नुसते कुंपण नव्हे, हे मला तेथे कळले.

दुसरी गोष्ट मंगलाजोडी गावची. येथील कित्येक जण पूर्वी पाखरांची शिकार करीत. आज तेच त्यांचे राखणदार आहेत. आमचा नावाडीही त्यांतलाच. एका ठिकाणी त्याने बांबू रोवून नाव थांबविली. समोर पाणटिवळ्यांचा थवा चरत होता. मी म्हटले, "आणखी दहा हात ने की." तो हलला नाही. मोडक्या हिंदीत म्हणाला, "बाबू, पाखरू दर वेळी उठवले, तर ते परतीची शिदोरी बांधणार कधी?"

मी वरमलो. पाखरांविषयी प्रेम वाटते म्हणूनच मी इतक्या दूर गेलो होतो. पण माझे प्रेम दहा हात पुढे जाऊ पाहत होते आणि ज्याने एके काळी ती मारली, त्याला थांबावे कोठे हे ठाऊक होते.

आपण येथे वसंतात बसलो आहोत. ती पाखरे आता उत्तरेच्या वाटेवर असतील. आपणही चिलिकेला अवश्य जा. मात्र नावाडी थांबेल, तेथे थांबा.