मातुश्री राधाबाई : एका शिपाईघराचा आधार
(मठाच्या वर्धापनदिनी इंदूर येथे दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनी संतांचे व आचार्यांचे स्मरण करावे, हा मठांचा प्रघात आहे. आज मी एका गृहिणीचे स्मरण करण्यासाठी आपणांपुढे उभा आहे. ज्या स्वाऱ्यांमुळे माळव्यात मराठी घरे वसली, त्या स्वाऱ्या करणारे दोन पुत्र जिच्या उदरी जन्मले, ती राधाबाई. पहिले बाजीराव व चिमाजी आप्पा यांची नावे येथे लहान मुलासही ठाऊक असतात. त्यांच्या मातेचे चरित्र मात्र आपण क्वचितच सांगतो.

राधाबाई कोकणातील बर्वे घराण्याची कन्या. बाळाजी विश्वनाथ भटांशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्या घरास स्थैर्य कसले ते नव्हते. सिद्दीच्या जाचामुळे भटांना श्रीवर्धन सोडावे लागले आणि देशावर, युद्धाच्या धामधुमीत, नवा संसार मांडावा लागला. १७०० साली बाजीराव जन्मले. चिमाजी आप्पा, भिऊबाई व अनुबाई ही त्यांची भावंडे. १७१३ साली बाळाजीपंतांस पेशवेपद मिळाले, परंतु पद मिळाले म्हणून पतीचा सहवास वाढला नाही. १७१८ मध्ये ते दिल्लीस गेले. चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि शाहू महाराजांच्या मातुश्री येसूबाई यांना घेऊन ते १७१९ मध्ये परतले. तीस वर्षांनी एका मातेची बंदिवासातून सुटका करणारा हा पुरुष एप्रिल १७२० मध्ये सासवड मुक्कामी निवर्तला. राधाबाईंच्या वाट्यास यापुढे तेहतीस वर्षांचे वैधव्य आले.

शिपाईगड्याच्या पत्नीचे आयुष्य वाट पाहण्यात सरते, असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. पुत्र मोहिमेवर असताना घर चालते ठेवणे, सुनांना सांभाळणे, नातवंडे वाढविणे, ही कामे कोणाच्या तरी हातून होतच असतात. चिमाजी आप्पांचे चिरंजीव सदाशिवराव १७३० साली जन्मले आणि थोड्याच दिवसांत मातेस पारखे झाले. त्या पोरक्या मुलास आजीने वाढविले.

या चरित्रातील सर्वांत विलक्षण प्रसंग म्हणजे काशीयात्रा. १७३५ च्या फेब्रुवारीत राधाबाई पुण्याहून निघाल्या. त्याच सुमारास होळकर-शिंद्यांच्या फौजा राजपुतान्यात बादशाही सैन्याशी झुंजत होत्या, आणि ही वृद्ध माता त्याच प्रदेशातून जाणार होती! उदेपुरास त्यांचा सन्मान झाला. जयपुरास सवाई जयसिंगांनी त्यांना आदराने ठेवून घेतले. महंमदखान बंगशाची गोष्ट तर ध्यानात धरण्याजोगी आहे. १७२९ साली बुंदेलखंडात छत्रसालाच्या साहाय्यास धावून बाजीरावांनी याच बंगशास जैतपुरात कोंडले होते. सहा वर्षांनी त्याच सरदाराने त्यांच्या मातेस आदराने वाट दिली. काशी, प्रयाग, गया करून मातुश्री १७३६ मध्ये सुखरूप परतल्या. त्याच वर्षी बाजीराव स्वतः उदेपुरास गेले व पुढे जयसिंगांस भेटले. ज्या दारांशी पुत्रास वाटाघाट करावयाची होती, ती दारे मातेस आदराने उघडली गेली होती.

परंतु केवळ स्तुती केली तर चरित्र खोटे होते. मस्तानीच्या बाबतीत पेशव्यांच्या घराने कठोरपणा केला; बाजीराव मोहिमेवर असताना तिला पुण्यात नजरकैदेत ठेवले. त्या घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीचे चरित्र सांगताना ही गोष्ट झाकून चालणार नाही. बाजीराव व मस्तानी दोघेही गेल्यानंतर त्यांचा मुलगा समशेर बहादूर त्याच घराच्या छायेत वाढला, हेही तितकेच खरे.

१७४० हे साल मातुश्रींवर वज्रासारखे कोसळले. २८ एप्रिल रोजी, येथून फार दूर नसलेल्या रावेरखेडी येथे नर्मदाकाठी, बाजीराव निवर्तले. वसई जिंकून वर्षदीड वर्ष लोटते न लोटते तोच, डिसेंबरात चिमाजी आप्पाही गेले. एका वर्षात दोन्ही पुत्र! तरीही त्या खचून बसल्या नाहीत. नानासाहेबांसारख्या तरुण नातवाच्या पेशवाईत, सदाशिवरावांसारख्या पोरक्या नातवाच्या पाठीशी, त्या आणखी तेरा वर्षे उभ्या राहिल्या. मार्च १७५३ मध्ये त्यांनी देह ठेवला. ज्याला त्यांनी लहानाचा मोठा केला, तो सदाशिवराव १७६१ साली पानिपतावर पडला. ते दुःख पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही, एवढीच दैवाची कृपा.

आपल्यातील कित्येक मंडळी रावेरखेडीस जाऊन बाजीरावांच्या समाधीपुढे मस्तक नमवितात. नमवावेच. पण तेथे उभे असताना, ही वार्ता पुण्यास पोहोचली तेव्हा ती कोणाला ऐकावी लागली असेल, याचाही क्षणभर विचार करावा. आजही सीमेवर मुलगे आहेत, आणि त्यांच्या घरी माता आहेत. विजयाची नोंद इतिहास ठेवतो. त्यासाठी घरात सोसलेल्या दुःखाची नोंद ठेवणे आपले कर्तव्य आहे. त्या थोर मातेस वंदन करून मी आपली रजा घेतो.