डोक्यावरचं छप्पर : कोबा, डांबर की पत्रे?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासद-अभियंत्याने केलेले भाषण. बोलीतले शब्द तसेच ठेवले आहेत.)

आज सत्कार, गाणी, जेवण असा बेत असताना गच्चीवर बोलायला उभं राहायचं म्हणजे जेवणाच्या पंगतीत औषध वाढण्यासारखं आहे. पण पुढच्या सर्वसाधारण सभेत आपल्याला यावर हात वर करायचा आहे, म्हणून सेक्रेटरींनी गळ घातली.

आधी एक वाद मिटवू. “गळतंय वरच्या चौघांचं, त्यांनीच बघावं,” असं जिन्यात ऐकू येतं. आदर्श उपविधींमध्ये गच्ची, कठडा आणि पावसाची गळती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाची आहे. दुरुस्ती निधी आपण सगळे त्यासाठीच भरतो. शिवाय स्लॅबमधल्या सळया गंजल्या की तो प्रश्न चौथ्या मजल्यापुरता राहत नाही. तळमजल्यावरच्या काकूही त्याच कॉलमांवर उभ्या आहेत.

आपली गच्ची सुमारे ३,००० चौरस फूट. आपल्याकडे वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. हिशेब केलात तर साडेपाच लाख लिटर पाणी चार महिन्यांत गच्चीवरून जायला पाहिजे. “जायला” हा शब्द महत्त्वाचा. गावाकडचं मंगळुरी कौल काही फार जलरोधक नसतं, भाजलेली मातीच ती. पण उतार असा की पाणी थांबतच नाही. सपाट स्लॅबवर पाणी थांबतं आणि थांबलं की वाट शोधतं.

आता पर्याय. पहिला आपला जुना, विटांच्या तुकड्यांचा कोबा. नीट केला तर तो उतार देतो, ऊन अडवतो, वर पापड वाळवा, कोजागिरी करा, काही होत नाही. शंभराला एक असा उतार म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर, एवढा तरी हवाच. कोपऱ्यांत भिंत आणि गच्ची मिळतात तिथे सिमेंटची गोलाई हवी. बहुतेक गळती तिथून आणि पाइपाच्या तोंडाशी सुरू होते, मधल्या मैदानातून नाही.

कोब्याचा दोष म्हणजे वजन. चार-साडेचार इंची कोबा चौरस फुटाला सुमारे वीस किलो भरतो, म्हणजे आपल्या गच्चीवर आजच साठ टन आहेत. आणि आलेल्या कोटेशनांपैकी सर्वात स्वस्त जे आहे, त्यात “सध्याच्या कोब्यावर नवा कोबा” असं लिहिलंय. मंडळी, ते वाचून माझी झोप उडाली. माणसांची वर्दळ असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ चौरस मीटरला १५० किलो चलभार धरतं, म्हणजे चौरस फुटाला चौदा. नवा थर एकटाच त्याहून जड, आणि तो कायमचा. पंचवीस वर्षांच्या स्लॅबवर असं ओझं ठेवायला मी तरी संमती देणार नाही. जुना फोडायचा, डेब्रिज खाली न्यायचं, स्लॅब उघडा करून बघायचा, मगच नवा. कटकट आहे, धूळ आहे, महाग आहे. पण कोबा करायचा तर असाच.

दुसरा डांबरी मेम्ब्रेन. तीन-चार मिलिमीटरची गुंडाळी ज्योतीने वितळवत चिकटवतात. वजन नगण्य. पण उन्हाने करपते, तिच्यावर खुर्च्या ओढल्या की फाटते, आणि ओल्या पृष्ठभागावर लावली तर फुगे येतात. मुलं क्रिकेट खेळतात त्या गच्चीवर उघडी मेम्ब्रेन मला पटत नाही. ब्रशने मारायचं पांढरं कोटिंग त्याहून सोपं, ऊनही परतवतं. मात्र ते चांगल्या कोब्यावरचं रंगकाम समजा. भेगाळलेल्या कोब्यावर मारलं तर दोन-तीन पावसाळ्यांत परत वर्गणी.

तिसरा पत्र्याची शेड, तरुण मंडळींची आवडती. तिची बाजू खरी आहे. पाऊस स्लॅबपर्यंत येतच नाही, वरच्या घरांचा उकाडा कमी होतो, आणि अर्धा मिलिमीटरचा रंगीत पत्रा चौरस मीटरला चार-पाच किलोच. सांगाडा धरला तरी कोब्यापुढे काहीच नाही. पण हलका म्हणूनच वारा त्याला खालून उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा किती पत्रे उडाले ते आठवा. चौथ्या मजल्यावरून सुटलेला पत्रा खाली कोणावर पडेल, हे मला सांगायला नको. सांगाड्याचं डिझाइन लेखी पाहिजे, महापालिकेची परवानगी पाहिजे. आणि कठड्याच्या बाहेरच्या भेगांतून आत येणारं पाणी शेड अडवत नाही. पावसात पत्र्याचा आवाज किती होतो ते वरच्या आजोबांनाच विचारा.

माझा कल कोबा फोडून नवा करण्याकडे आहे, वर पांढऱ्या चायना मोझॅकसह. पण एक अट. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असताना दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आपलं राहिलंय. ते आधी करू. सळया गंजलेल्या निघाल्या, स्लॅब अशक्त निघाला, तर मी स्वतः शेडच्या बाजूने हात वर करीन, कारण मग वजन हाच मुद्दा उरतो.

काम कोणतंही ठरो, पाऊस संपल्यावर, गच्ची सुकल्यावर सुरू करायचं. मे अखेरीस घाईने नाही. कोबा झाला तर पाइपांची तोंडं बंद करून ४८ तास पाणी साठवायचं आणि खाली चारही घरांत छत बघून यायचं. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता त्यानंतर. वरच्या चौघांनी त्या दोन दिवसांत कृपया गावाला जाऊ नये.