धुण्यास पाठविलेली फिल्म

छायाचित्र घेणारा एक आणि फिल्म धुणारा दुसरा, ही विभागणी रूढ होण्यास १८८८ सालापासून आरंभ झाला. अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यांनीं शंभर चित्रांची फिल्म भरलेला कोडॅक कॅमेरा त्या सालीं विक्रीस आणला. चित्रें संपलीं कीं ग्राहकानें कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्याकडे पाठवावयाचा. धुणें, छापणें आणि नवी फिल्म भरणें हें काम कारखान्याचें.

आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं चित्रपटाचें काम हातीं घेतलें, तेव्हां फिल्मला भोंकें पाडणें, रसायनें कालविणें व फिल्म धुणें हें सारें घरांतच चाले. त्यांत पत्नी सरस्वतीबाई यांचा वांटा मोठा होता. चित्र कोणत्या उजेडांत घेतलें, हें धुणाऱ्या हातांस विचारावें लागत नसे.

आज मोबाइलच्या काळांतही फिल्मची हौस टिकून आहे. परंतु ती धुणारीं ठिकाणें मोजक्या शहरांतच उरलीं आहेत. समजा, आंबेगाव तालुक्यांतील महाळुंगे पडवळ येथील एका तरुणानें अंधाऱ्या माजघरांत बसलेल्या आजीचीं छायाचित्रें घेतलीं. फिल्म ४०० वेगाची. त्यानें ती १६०० समजून वापरली. म्हणजे फिल्मला उजेड चौथा हिस्साच मिळाला. अशी फिल्म नेहमींपेक्षां अधिक वेळ धुवावी लागते. या धंद्यांत त्यास ‘पुश’ म्हणतात. रंगीत निगेटिव्ह सुमारें ३८ अंश उष्णतेच्या डेव्हलपरमध्यें सामान्यतः सव्वातीन मिनिटें राहते. लॅबमधील यंत्रानें हाच नेम पाळला, तर आजीचा चेहरा काळोखांतून पुरता वर येणार नाहीं. आणि एकदां धुतलेली फिल्म पुन्हां धुवून तें उणें भरून निघत नाहीं.

घोटाळा बहुधा पाकीट फोडतांना होतो. सूचनेची चिठ्ठी एकीकडे जाते, रोल दुसरीकडे. यास्तव सूचना रोलच्या डबीवरच ठळक लिहावी. संपूर्ण रोल एकाच वेगानें वापरावा. कारण एका रोलमधील दोन चित्रांस दोन प्रकारची धुलाई देतां येत नाहीं. लॅबशीं पहिलाच व्यवहार असेल, तर कमी मोलाचा रोल आधीं पाठवून पहावा. आणि पुश केल्यानें सावलींतील जें मुळांत फिल्मवर उमटलेंच नाहीं, तें उमटेल अशी अपेक्षा धरूं नये.

लॅबचेंही एक कर्तव्य आहे. जें काम होत नाहीं त्यास तिनें स्पष्ट नकार द्यावा. कोडाक्रोम या फिल्ममध्यें रंग धुतांनाच मिसळावे लागत. तें काम करणाऱ्या अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांतल्या शेवटच्या लॅबनें ३० डिसेंबर २०१० ही अखेरची तारीख आधींच जाहीर केली, म्हणून लोकांस आपले उरलेले रोल वेळेंत धाडतां आले. नकारानें ग्राहक क्षणभर हिरमुसतो. परंतु त्याची फिल्म शाबूत राहते, आणि तो ती दुसऱ्या जाणत्या हातीं देऊं शकतो.