गाडीतला कॅमेरा पक्का बसवताना

आज आपण गाडीच्या पुढच्या काचेवर लावायच्या छोट्या कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहोत. त्याला डॅशकॅम म्हणतात. तुम्ही म्हणाल, हा तर ड्रायव्हर लोकांचा विषय, आमच्या गटाच्या बैठकीत त्याचं काय काम? पण आता कितीतरी गटांनी माल न्यायला छोटा हत्ती, पिकअप घेतली आहे. कुणाच्या घरी प्रवासी रिक्षा आहे, कुणाची सून स्वतः शाळेची व्हॅन चालवते. म्हणून हा विषय आपलाच आहे.

आमच्या गटांनी मिळून एक छोटा हत्ती घेतला आहे. शेवया, पापड, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी असा आमचा माल त्यातून दहिवडी, म्हसवड, फलटणला जातो. गाडी कर्जाची आहे, हप्ते चालू आहेत. चालवायला आमच्यातलीच एक ताई आहे. रीतसर शिकून, परवाना काढून ती गाडीवर बसली. एका बाजाराच्या दिवशी एक मोटारसायकलवाला डाव्या अंगानं घुसला आणि गाडीला घासून पडला. त्याला खरचटण्यापलीकडे काही लागलं नाही. पण गर्दी जमली आणि पहिलं वाक्य आलं, "बाईमाणसाच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार?" ताईची चूक नव्हती. पण ते दाखवायला हातात काही नव्हतं. जागेवर चार हजार रुपये मोजून गाडी सोडवावी लागली. त्यानंतरच्या बैठकीत कॅमेऱ्याचा ठराव झाला.

कॅमेरा घेणं सोपं आहे. तो पक्का बसवणं हे खरं काम. आमच्या कॅमेऱ्यासोबत काचेला दाबून बसवायची रबरी चकती आली होती. फाल्गुनात ती घट्ट बसली. चैत्रात भर दुपारी मोगराळे घाट उतरताना चकती सुटली आणि कॅमेरा ताईच्या पायाशी, ब्रेकच्या जवळ येऊन पडला. ताईनं नजर रस्त्यावरून हलवली नाही, वेग कमी करत गाडी कडेला घेतली आणि मग खाली वाकून बघितलं. कॅमेरा ब्रेकखाली अडकला असता तर उतारावर गाडी थांबली नसती. म्हणून आमचं सांगणं आहे, सैल बसवलेल्या कॅमेऱ्यापेक्षा कॅमेरा नसलेला बरा.

चकती का सुटते? तिच्या आतली हवा निघून गेलेली असते, म्हणून ती काचेला धरून राहते. उन्हात रबर मऊ पडतं, कडेनं हवा आत शिरते, आपल्या रस्त्यांचे हादरे आणि धूळ त्यात भर घालतात. कॅमेरा एका गाडीतून दुसऱ्या गाडीत सारखा हलवायचा असेल तर चकती ठीक आहे. मग ती दर आठवड्याला काढून धुवा, काच पुसा आणि पुन्हा दाबून बसवा. पण रोजच्या एकाच गाडीसाठी फोमचा जाड डबल टेप चांगला. वह्या-पुस्तकांच्या दुकानातला पातळ डबल टेप नको. गाडीच्या कामासाठी मिळणारा, उन्हाला टिकणारा टेप मागा.

टेप लावण्याआधी जागा ठरवा. आतल्या आरशाच्या मागे, क्लीनरच्या बाजूला थोडं सरकून, ही जागा बहुतेक गाड्यांत बरोबर येते. चालवणारीच्या नजरेच्या आड कॅमेरा येता कामा नये. तिला तिच्या सीटवर बसवून विचारा, "ताई, रस्ता पूर्ण दिसतो का?" तिचा होकार आल्यावरच पुढं जा. वायपर जेवढी काच पुसतो, कॅमेऱ्याचा डोळा त्याच भागामागे हवा, नाहीतर पावसाळ्यात नुसतं पाणी दिसेल. फास्टॅगचा स्टिकर झाकू नका. काचेच्या वरच्या कडेला काळे ठिपके असतात, त्यांच्यावर टेप नीट धरत नाही. साध्या, गुळगुळीत काचेवरच लावा. डॅशबोर्डवर लावायचा विचार असेल तर तिथलं प्लास्टिक खरबरीत असतं आणि पॉलिशनं तेलकट झालेलं असतं, टेप लवकर सुटतो.

आणखी एक आपल्याकडची गोष्ट. आरशाला हार, लिंबू-मिरची, मुलांचं खेळणं टांगलेलं असतं. ते कॅमेऱ्यासमोर झुलत राहिलं तर नेमका हवा तो नंबर त्याच्या आड जातो. देवाची तसबीर डॅशबोर्डवर खाली ठेवा, हारही तिलाच घाला. म्हणजे देवही राहील आणि रस्ताही दिसेल.

आता बसवायची कृती. सकाळी गाडी सावलीत लावून हे काम करा. तापलेल्या काचेवर नको आणि थंडीत दव धरलेल्या काचेवरही नको. आधी साबणाच्या पाण्यानं काच आतून पुसा आणि कोरडी करा. मग औषधाच्या दुकानातलं स्पिरिट स्वच्छ सुती कापडावर घेऊन तेवढी जागा पुन्हा पुसा आणि वाळू द्या. सॅनिटायझर वापरू नका. बऱ्याच सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, त्याचा चिकट थर मागे राहतो. पुसलेल्या जागेला बोट लावू नका. आपल्या हाताला तेल, पीठ, मसाला काही ना काही असतोच.

टेप लावण्याआधी कॅमेरा हातात धरून चालू करा आणि चित्र बघा. ज्या कॅमेऱ्याला पडदा नाही, त्याचं चित्र मोबाईलवर दिसतं. रस्ता जिथं आभाळाला भिडतो ती रेघ चित्राच्या मधोमध यावी. आभाळ जास्त आलं तर रस्ता काळा पडतो आणि नंबर वाचता येत नाही. जागा ठरली की काचेवर बाहेरून पेनानं खूण करा. मग टेपचा कागद काढा, कॅमेऱ्याची बैठक खुणेवर टेकवा आणि अंगठ्यानं अर्धा मिनिट चांगली दाबून धरा. एकदा टेकवली की सरकवायची नाही. लगेच कॅमेरा अडकवायची घाई नको. असा टेप पहिल्या २० मिनिटांत साधारण निम्मा धरतो, २४ तासांत नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात. नुसती बैठक एक दिवस तशीच राहू द्या, दुसऱ्या दिवशी कॅमेरा लावा.

यावर आमची एक जोड आहे. बारीक पण मजबूत नायलॉनची दोरी कॅमेऱ्याच्या बैठकीतून ओवून आरशाच्या दांड्याला बांधा. दोरी वीतभरच ठेवा. उद्या टेप सुटलाच, तर कॅमेरा तिथंच लोंबकळेल, पायाशी येणार नाही.

वायरचंही तसंच आहे. लोंबणारी वायर स्टिअरिंगमध्ये किंवा पायात अडकते. वायर छताच्या कडेनं आत दाबत न्या, जुनं एटीएम कार्ड त्यासाठी छान चालतं. मग क्लीनरच्या बाजूच्या खांबावरून खाली आणि डॅशबोर्डखालून चार्जिंगच्या सॉकेटपर्यंत. उरलेल्या वायरीचं वेटोळं करून बांधून टाका. खांबावर एअरबॅग असं लिहिलेलं असेल तर स्वतः हात घालू नका. फुग्याच्या वाटेत वायर आली तर अपघातात तो नीट उघडणार नाही. ते काम मिस्त्रीकडून करून घ्या. छोट्या गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते, मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची, आणि कॅमेऱ्याला साधारण ५ व्होल्ट लागतात. म्हणून वायर थेट बॅटरीला जोडायची नाही. कॅमेऱ्यासोबत आलेला चार्जरच वापरा. वेगळी जोडणी केली तर त्यात फ्यूज हवाच. चावी काढल्यावर कॅमेरा बंद होतो का तेही बघा, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल.

पक्क्या बैठकीचा संबंध पुराव्याशीही आहे. कॅमेरा कार्डावर चित्र भरत जातो आणि कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. जोराचा धक्का बसला तर तेवढा तुकडा तो कुलूपबंद करतो, म्हणजे तो पुसला जात नाही. पण बैठक हलती असली तर प्रत्येक खड्डा त्याला अपघात वाटतो. असे तुकडे साठत जाऊन कार्ड भरतं. म्हणून बैठक घट्ट करा आणि धक्क्याची जाण सेटिंगमध्ये कमीवर ठेवा. बोटानं कॅमेरा हलवून बघा. जरा जरी डुगडुगला तर पुन्हा बसवा. तारीख-वेळ बरोबर आहे का हे दर महिन्याला तपासा, चुकीच्या वेळेच्या चित्रावर कुणीही बोट ठेवील. त्याच दिवशी हवं ते जपून कार्ड फॉरमॅट करा.

अपघात झालाच तर आधी माणूस, मग कॅमेरा. ११२ किंवा १०८ ला फोन करा, जखमीला मदत करा. नंतर कॅमेरा बंद करून कार्ड काढून ठेवा, म्हणजे चित्र पुसलं जाणार नाही. ते व्हॉट्सॲपवर फिरवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६३ आहे. कोर्टात अशी नक्कल द्यायची तर त्या कलमाखालचं प्रमाणपत्र सोबत लागतं. म्हणून मूळ कार्ड जपा. नंबर टिपला गेला तर समोरच्या गाडीच्या विम्यावर दावा करता येतो. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये एवढीच भरपाई मिळते. एका स्पष्ट नंबराची किंमत यावरून कळेल.

शेवटी एक नाजूक गोष्ट. आमच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "कॅमेरा आतही लावा, ताई कुठं थांबते, कुणाशी बोलते तेही कळेल." ताई शांतपणे म्हणाली, "माझ्यावर भरवसा नसेल तर चावी घ्या. रस्ता दाखवायला कॅमेरा हवा, मला दाखवायला नको." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सगळ्यांनी मिळून ठराव लिहिला. कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडेच राहील, आतला आवाज बंद राहील, आणि कार्ड बघायचं झालं तर ताई आणि अध्यक्ष दोघी समोर असतील. तुमच्या गटात गाडी असेल तर कॅमेरा आणायच्या आधी हा ठराव लिहा. घरची गाडी सून चालवत असेल तर सासूबाईंनीही हे ऐकावं.

येत्या बैठकीत गाडीच्या खर्चाशेजारी एक ओळ वाढवा. बैठक घट्ट आहे का, दोरी बांधलेली आहे का, वायर आत आहे का, तारीख बरोबर आहे का. चार प्रश्न, दोन मिनिटं. उत्तरं चालवणारीनंच द्यावीत, कारण गाडी तिच्या हातात आहे.