वृद्ध वृक्षांची सेवा



भंवरकुआं आज विद्यापीठ व शिकवणीवर्ग यांनी गजबजलेले आहे. तेथून खंडवा रस्त्याने बरेच पुढे आमचा मळा आहे. आजोबांनी लावलेल्या सात आंब्यांपैकी चार माझ्या डोळ्यांदेखत गेले. झाड एका दिवसात मरत नाही. प्रथम शेंडा विरळ होतो, पुढे एखाद्याच फांदीस मोहोर येतो, साल सुटते. वाळवी बहुधा मागाहून येते, पण दोष मात्र तिलाच मिळतो.

त्यांतील एका आंब्याखाली वडील पोथी वाचीत असत. त्यांच्या स्मरणार्थ मी बुंध्याभोवती भर घालून सिमेंटचा पार बांधविला. पाच वर्षांत शेंडा वाळला. मी पार फोडला, परंतु तोवर उशीर झाला होता. भक्तीने केलेले कृत्यही अज्ञानाने घातक ठरते, हे मी तेथे शिकलो.

झाडाची अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या हात-दीड हात मातीतच असतात, आणि त्यांनाही श्वास घ्यावा लागतो. अल्बर्ट हॉवर्ड यांनी बिहारमधील पुसा येथे फळझाडांच्या मुळांचा अभ्यास करून मातीत हवा खेळण्याचे महत्त्व दाखविले. पुढे १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी याच इंदुरात पालापाचोळा, शेण व माती यांपासून खत करण्याची रीत बसविली. ती जगात ‘इंदूर पद्धती’ या नावाने प्रसिद्ध झाली. झाडाचे जे गळते ते मातीस परत द्यावे, हे तिचे मर्म. आपण मात्र तोच पाला स्वच्छता म्हणून जाळतो!

हे सारे सांगण्याचे कारण असे की, या वर्धापनदिनानिमित्त मठाच्या अंगणातील औदुंबराभोवती संगमरवरी फरशी घालण्याचे घाटत आहे. देणगीदारांच्या भावनेविषयी मला आदरच आहे. तथापि माझी विनंती अशी की, फांद्यांची सावली पडते तेथवर माती मोकळी राहू द्यावी, प्रदक्षिणेची वाट तिच्या बाहेरून न्यावी, आणि गळलेला पाला तेथेच कुजू द्यावा. शिवाय शेजारी एक रोप आजच लावावे. औदुंबरही एके दिवशी जाणारच. पण त्या दिवशी त्याचा वारस सावली देण्याजोगा झालेला असावा.

वृद्धांची सेवा म्हणजे त्यांना मखरात कोंडणे नव्हे. त्यांचा श्वास मोकळा ठेवणे होय. एवढी बुद्धी सद्गुरूंनी आपणां सर्वांस द्यावी, हीच प्रार्थना.